पंचावन्न डबे, नऊ वजा

६ ऑगस्ट, सोमवार

यंदा कृषी केंद्रवाल्यानं डायरी नाई देल्ली. दर साली देते, पानोपानी फुटलेल्या बोंडाचं चित्र. बोंडअळीनं त्याच्या बीटी बियाण्याचं नाक कापलं, आता कोन्या तोंडानं वाटीन? म्हणून प्र.च्या जुन्या वहीत लिहून राह्यली. प्र. म्हणजे प्रज्ञा, माही नात. पुरं नाव दर खेपी लिहाले हात दुखते. विहारातल्या वर्गात बासष्टव्या वर्षी अक्षरं शिकली मी, पन लिहाचा नाद असा लागला का माहा बुढा मले लेखिकाबाई म्हणते.

आज प्र. म्हणे, आजी, मी परीक्षेचा फॉर्म भरून राह्यली. म्हटलं, तुह्या परीक्षा सरत नाई का व? म्हणे ही कम्प्युटरच्या राखणीची हाय. पास झाली का नागपूरच्या कंपनीत जागा, दिवाळीपर्यंत थांबतो म्हणे ते. पन पेपरले बसू द्यायच्या आंधी ते पाहतेत का तुमी दोन वर्षं खरंच राखण केली का नाई. ज्याच्या हाताखाली केली त्याची चिठ्ठी लागते.

बुढा खाटेवरून म्हणे, मी चाळीस साल वावराची जागल केली, मले कोनी पेपर नाई देल्ला.

म्हटलं, तुमी झोपत होते. डुकरायले इचारा.

८ ऑगस्ट, बुधवार

दोघी जिनिंगवर, कापसाची सरकी काढाच्या कारखान्यात गेलो, जळगाव जामोद रोडले. मले काही काम नोयतं, पन यष्टीत बसाले आवडते. प्र. तिथं चार सिझन कम्प्युटर सांभाळते. कापसाच्या गाड्या मोजतेत तो काटा कम्प्युटरवर चालते, कॅमेरे बी. कोन्या माणसानं काय उघडाचं, काय नाई, हे तिच्या हाती.

सलीमभाऊ तिथचे मॅनेजर. मले खुर्ची देल्ली, पाणी देल्लं. म्हणे, "मावशी, तुमच्या पोट्टीनं जीव खाल्ला माहा. दर महिन्याले पासवर्ड बदलवा. मी बकरीचं नाव ठेवलं तं म्हणे, हे तं अर्ध्या गावाले माईत हाय."

चिठ्ठी लगेच लिहून देल्ली. शिक्का मारला. चार वर्षांपासून काम, वागणूक उत्तम. मांगतले दोन, भेटले चार! घरी आल्यावर गल्लीत साखर वाटली. शेजारीण म्हणे कायची साखर? म्हटलं, पोट्टी पास.

प्र. म्हणे, आजी, आजून फॉर्म बी नाई गेला.

९ ऑगस्ट, गुरुवार

साखर वाटून झाली अन् पोट्टी चिठ्ठी घेऊन तोंड पाडून बसली. फॉर्मात इचारते, कोन्या महिन्यापासून कोन्या महिन्यापर्यंत. चार वर्षं नाई म्हणे आजी, चार सिझन.

म्हटलं, मंग? कपाशीचं साल तेवढंच असते. कापूस घरात आला का साल सरलं. सलीमभाऊ काही खोटं नाई बोलला, आपल्याकडं असंच मोजतेत.

म्हणे तिकडं महिने मोजतेत. बोटावर मोजून दाखवलं. सिझनचे सहा महिने, चार सिझन, चोवीस. बरोबर दोन वर्षं. म्हटलं झालं ना! पन यंदाचा सिझन सहा महिन्याचा झालाच कुठं. बोंडायमंदी गुलाबी अळ्या, वेचाले कापूसच राह्यला नाई, जिनिंग फेब्रुवारीतच बंद. बावीस महिने भरले.

दोन महिने कमी. अळीनं आमचा कापूस खाल्ला तो खाल्ला, पोट्टीचे दोन महिने बी खाल्ले.

म्हटलं, चिठ्ठीत चार वर्षं हाय, लाव ना तेच. म्हणे ते लोक सलीमभाऊले फोन करून इचारतेत. अन् फॉर्मवर पयलीच सही हे हाय का मी खोटं सांगत नाई.

मले काही भेव नाई वाटलं. दोन महिने म्हणजे काय, कुठीतरी असतीन.

११ ऑगस्ट, शनिवार

सापडले. भाकरी थापता थापता आठवलं. गेल्या साली उन्हाळ्यात जिनिंग बंद होतं तरी प्र. रोज जाये! परदेशातल्या कोन्या चोरानं जिनिंगचे सारे कम्प्युटर कुलूप लावून टाकले होते. चोर पैसे मांगे. प्र.नं आंधीच एक कॉपी काढून बाजूले ठेवली होती, त्याच्यातून सारं परत उभं केलं, नवे कुलपं लावले. बियाण्याचे दाणे मडक्यात येगळे ठेवतो ना आपण, तसं. ते मीच शिकवलं अशीन तिले.

प्र. म्हणे, आजी, ते तं माह्या बी ध्यानात हाय. पन सिझन नोयता, हजेरीबूक बंद. सलीमभाऊले आठवते का आली होती, किती दिवस ते नाई. अंदाज नाई चालत.

म्हटलं, मले आठवते. कारण डबा मी करत होती. अन् ज्या दिवशी डबा, त्या दिवशी डायरीत डबा.

कोठीवर चढून गेल्या सालची डायरी काढली. बुढा खालून स्टूल धरून होता, म्हणे पडशीन तं मी धरणार नाई. धरून होता पन.

१२ ऑगस्ट, रविवार

मोजले. तिनदा मोजले. "डबा. ज्वारी, बेसन." "डबा. ठेचा जास्त झाला, परत आणला." "डबा. आंब्याची फोड." एका पानावर नुसतं "डबा, ऊन."

पंचावन्न! सुट्ट्या सोडून दोन महिन्याचे बावन्न दिवस होतेत. तीन वरचढ.

पोट्टीनं मले उचललं. या वयात. बुढा म्हणे खाली ठेव, जुनं सामान हाय.

१३ ऑगस्ट, सोमवार

डायरी पिशवीत घालून जिनिंगवर. सलीमभाऊनं चश्मा लावला, पान पान वाचलं, मधी मधी हसे. "ये ठेच्यावाला दिन मुझे याद है मावशी, आधा मैंने खाया था." मंग म्हणे, माह्या हजेरीबुकापेक्षा तुमची डायरी पक्की. नवीन चिठ्ठी लिहितो, महिने-दिवस सारं.

मी पेनची टोपी काढून त्याच्या हातात देल्ली. तेवढ्यात प्र. म्हणे, सलीमभाऊ, उद्या लिहा. मी काऊन इचारलं तं माही पिशवी उचलून यष्टीकडं निघाली.

यष्टीत खिडकीकडं तोंड करून बसली. संग्रामपूर आलं. मंग म्हणे, आजी, त्यातल्या नऊ दिवशी मी जिनिंगवर नाई गेली.

डबा घेऊन खामगावले गेली होती. तिथं याच राखणीचा नऊ दिवसाचा वर्ग होता.

मले काऊन नाई सांगतलं?

म्हणे तू जाऊ देल्लं नसतं.

खरं हाय. तवा मी शेगावकडच्या स्थळामागं लागली होती. पोरगा कंडक्टर. तिले रोज म्हणो, आता शिकणं पुरे. अन् ती माह्याच हातची भाकर बांधून शिकाले जाये. मले राग याले पायजे होता. हसू आलं. कंडक्टरनं आमचे तिकीटं पाह्यले तं मी आजून हसूनच राह्यली होती.

१४ ऑगस्ट, मंगळवार

पंचावन्नातून नऊ गेले, शेचाळीस. सहा दिवस कमी.

मी तिले म्हटलं, हे कोनाले माईत? तुले अन् मले. म्हणे, आजी, कोनी पाहत नसलं तरी जे बरोबर ते कराचं, याच कामाची तं परीक्षा...

मले पुढचं ऐकाची गरज नाई पडली. ती तारखा सांगे, मी सोताच एकेका डब्यावर काट मारली. लाल पेन. जोर जास्त लागला, एका पानावर बोंडाचं चित्र फाटलं. त्या नऊतल्या एका दिवशी मी लिहिलं हाय, "प्र. उशिरा आली, जेवली नाई, पन खुशीत." तवा समजलं नाई.

सलीमभाऊले फोनवर सांगतलं. म्हणे सहा दिवसासाठी काय मावशी, मी लिहून देतो. प्र. नाई म्हणे.

९ सप्टेंबर, रविवार. पोळा.

बैल एकच राह्यला, त्याले सजवला. लेक वावरात अळीच्या पाखरायसाठी सापळे टांगून आला. यंदा बोंडं बरे दिसतेत. प्र. चूपचाप अभ्यास करते. फॉर्म नाई भरला तरी अभ्यास. बुढा म्हणे, पेपरच नाई तं घोकते कायले? म्हटलं, कापूस फुटाच्या आंधीच वेचाच्या झोळ्या शिवतो का नाई आपण?

१५ सप्टेंबर, शनिवार

सलीमभाऊचा फोन! दसऱ्याले जिनिंग सुरू होते, त्याच्या आंधी सारे कम्प्युटर तपासाचे हायेत, नवे पासवर्ड, नवे कॅमेरे. "प्रज्ञा बेटीले पाठवा, सहा दिवस."

म्हटलं, बरोबर सहाच कसे काय भाऊ?

म्हणे, काम तं दहा दिवसाचं हाय मावशी, चार दिवस मी तिले मदत करीन, म्हणून सहा.

खोटारडा. पन काम खरं हाय.

१७ सप्टें. डबा.

१८. डबा. भाजी खारट.

१९. डबा. सलीमभाऊचा पासवर्ड बकरीवरून हलला म्हणे, आता बोकड हाय. प्र. चिडली.

२०. डबा. पाऊस. (सलीमभाऊले मोहरमची सुट्टी बिट्टी हाय का इचारलं तं नाई म्हणे.)

२१. डबा. दोन भाकरी जास्त, सलीमभाऊसाठी.

२२. डबा. झाले.

२५ सप्टेंबर, मंगळवार

फॉर्म गेला. नव्या चिठ्ठीत महिने-दिवस जसेच्या तसे. खामगावचे नऊ दिवस बी लिहिले, पन येगळे, शिक्षण म्हणून. माही डायरी फोटो काढून संगं लावली. प्र. म्हणे लागत नाई, सलीमभाऊ म्हणे लाव. आता तिकडचा साहेब वाचीन, "ठेचा जास्त झाला."

परीक्षावाल्यायचा फोन सलीमभाऊलेच येणार. त्याले काय बोलाचं ते शिकवाचं नाई म्हणे, नियम हाय. म्हटलं, शिकवाले काय हाय, खरंच तं हाय.

५ ऑक्टोबर, शुक्रवार

फोन येऊन गेला! अन् सलीमभाऊ नमाजले गेले होते. जुम्मा ना आज. शिपायानं उचलला, समोरच्यानं इंग्रजी सुरू केलं, यानं ठेवून देल्ला. दोनदा. मंग मेसेज आला का सोमवारी परत करतो, तवा बी भेटले नाई तं फॉर्म वापस.

सलीमभाऊ सोताच घरी आले सांगाले. तोंड एवढूसं. म्हणे मावशी, माही इंग्रजी काट्यापुरती, क्विंटल अन् किलो. प्र. म्हणे मराठीत बोलतेत ते, मांगतलं तं. बुढ्यानं त्यायले चहा पाजला अन् म्हणे, भिऊ नका, मी डुकराले नाई भेलो. मी म्हटलं, हाव, खरं हाय. आज बुढ्याची बाजू धरली.

८ ऑक्टोबर, सोमवार

जिनिंगवरूनच लिहून राह्यली. आज डबा मी सलीमभाऊचा केला. जेवाले घरी गेले अन् फोन आला तं? म्हणून सकाळच्याच यष्टीनं आली, ऑफिसात खुर्ची घेऊन बसली. हलू नका म्हटलं. प्र.ले बाहेर चिंचेखाली बसवलं, तिच्याकडं पाह्यलं का सलीमभाऊ अडखळतेत.

बाहेर कापसाची पयली गाडी आली काट्यावर, दसऱ्याच्या आंधीच. पांढराशिप्पट. त्यात चुकून आलेलं बोंड हातात घेऊन उकललं, आत अळी नाई. एकच पाह्यलं, पन नाई.

बारा वाजले. साडेबारा. सलीमभाऊ म्हणे आता नाई येत मावशी, खाऊन घेतो. डबा उघडला. ज्वारी, बेसन. पयला घास तोंडात अन् फोन वाजला.

म्हटलं, गिळा पयले, मंग बोला.

गिळलं. उचलला. "जी, मी सलीम. मराठीत बोला ना साहेब... हाव, तीच पोट्टी... हाव, डब्याची डायरी खरी हाय, ज्यायनं लिहिली त्या इथीच बसल्या..."

माह्याकडं पाहून राह्यले. मी मान खाली घालून लिहूनच राह्यली. आता मले हात दाखवून फोन पुढं करून राह्यले, साहेब म्हणते त्या बाईले द्या. पेन ठेवून फोन घेऊन राह्यली.