देवघराच्या खिडकीतला बेल

माधव नगर, उज्जैन

तीर्थरूप सुहासकाकांस विहंगचा साष्टांग नमस्कार. (तुम्ही इथे आलात की मी वाकण्याआधीच "असू दे, असू दे" म्हणता, त्यामुळे नमस्कार साठून राहिले आहेत, ते सगळे आताच पाठवतो.) कल्पनाकाकूंचा खोकला थांबला का? आई ठणठणीत आहे. तुमच्या नानाखेड्याच्या प्लॉटवरचे गवत काढले, भिंत शाबूत आहे. प्लॉटविषयी बाकीचे ओघात येईलच.

आनंदाची बातमी अशी की बेल जगला. गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे बेलाचे सरबत पिताना तुम्ही म्हणाला होतात, "या बियांचं झाड करून दाखव. एक तरी गोष्ट शेवटाला ने, मग तुला मानलं." (तेव्हा मी बारावी अर्धवट सोडल्याचा विषय चालू होता, म्हणून हे वाक्य नीट लक्षात राहिले.) त्याच चिकट बिया मी राखेने चोळून धुतल्या आणि श्रीखंडाच्या डब्याला भोके पाडून त्यात लावल्या. आमचे घर दुसऱ्या मजल्यावर, ऊन येणारी खिडकी एकच, आणि तिच्याखाली देवघर. सगळ्या संकटांचे मूळ इथे आहे. एकच बी उगवली. सुरुवातीची पाने साधी होती, तोवर आईने रोपाकडे ढुंकूनही पाहिले नाही. पहिले त्रिदल आले आणि दुसऱ्या दिवशी ते महादेवाच्या डोक्यावर होते.

मी म्हटले, अगं, झाड पानांवरच जगतं. तर म्हणाली, "झाड देवाचं, पान देवाचं, तू मधे कोण रे? महादेव काय आपल्याच झाडाला उपाशी मारेल?" सोमवारी बेल तोडत नाहीत असे मी तिला पंचांगात दाखवले, तर ती रविवारीच तोडून ठेवू लागली. बाजारातून टोपलीभर बेल आणून दिला, तोही वाहिला आणि वर आमच्या रोपाचे एक पान. त्यात या वर्षीचा सावन आला. इथला सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच; आई दोन्ही पाळते. रोपाची नुसती काडी उरणार, या काळजीने मला जेवण जाईना.

शेवटी अभिषेकाला आलेल्या अरविंदगुरुजींना मी विचारले, बेल शिळा होतो का? ते म्हणाले, "छे! नवा नसेल तर वाहिलेलाच धुऊन पुन्हा वाहावा." मी त्यांना हे आईसमोर पुन्हा म्हणायला लावले. ("अजून मोठ्याने म्हणू का? नळावरच्या लोकांनाही कळेल," असे ते म्हणाले.) काका, त्या दिवसापासून दोन्ही श्रावण एकाच पानावर निघाले! आई ते पान देवापेक्षा जास्त जपू लागली, आणि झाड भरू लागले.

मग त्याला बाहेरची सवय लावली. आधी थोडा वेळ जिन्यात, नंतर गच्चीवर. ऊन चढले की मी छत्री धरून शेजारी. खालच्या मजल्यावरची ऋता जाता-येता विचारायची, "क्यों विहंग, दूल्हे को धूप लग रही है?" (मी छत्री आणखी खाली ओढायचो.) पाऊस ओसरू लागल्यावर रोप मांडीवर घेऊन ऑटोने निघालो. ऑटोवाल्याने प्रत्येक खड्ड्याला वळसा घातला आणि उतरताना नमस्कार केला, अर्थात रोपाला. आळे केले, काट्याचे कुंपण केले. आता शेंड्याला तांबूस पालवी आहे. गोष्ट शेवटाला गेली. आता मानावे.

तुमचा (अर्धवट नसलेला)
विहंग

ता. क. दुसऱ्या मजल्यावर माती नाही, म्हणून बेल तुमच्या प्लॉटवर लावला आहे. भिंतीलगत लावला असता तर गल्लीने हात घालून ओरबाडला असता, म्हणून चारही बाजूंनी दोरी धरून अगदी मधोमध लावला.

आणखी ता. क. दिवाळीनंतर तुम्ही पाया खणणार, हा तुमचा निरोप त्यानंतर आला. नकाशाप्रमाणे बेल तुमच्या हॉलमध्ये, सोफ्याच्या जागी येतो. हलवता येईल का म्हणून मजूर नेला, तर तो चपला काढून उभा राहिला. "भैया, बेल पे कुदाल नहीं चलेगी. अंकलजी से बोलो, मकान सरका लें." तरी घराच्या मध्ये अंगण ठेवता येते का, पाहावे.

शेवटचा ता. क. आई म्हणते, "भावजी चिडतील, सोबत काहीतरी देवाचं पाठव." म्हणून पाकिटात बेलाचे पान आहे. नवे तोडलेले नाही, तेच आहे. रागाने टाकू नये. धुतले की पुन्हा चालते.