तुझ्या फोनमधली माझी रिंगटोन

चि. छकुली,

रविवारी तू आत आईशी बोलत होतीस आणि तुझा फोन माझ्यासमोर टेबलावर होता. सहज म्हणून मी तुला फोन लावला. स्क्रीनवर ‘बाबा’ उमटलं, पण आवाज नाही. स्पीकर गेला असेल म्हणून मी स्क्रूड्रायव्हर काढला, तेवढ्यात तुझ्या सासूबाईंचा फोन आला आणि खणखणीत वाजला.

“बाबा, रिंग ऐकूच आली नाही हो!” हे दोन वर्षं तू खरंच सांगत होतीस.

एकेका नावाला वेगळी रिंगटोन लावायला तुला मीच शिकवलं. माझ्या नावाला तू ‘सायलेंट’ लावलंस.

तुझ्या नावाला मी तुझं लहानपणीचं हसू लावलंय, जुन्या कॅसेटवरून अठरा सेकंद कापून, खरखर काढून. आज सेटिंगमध्ये जाऊन ते वाजवून पाहिलं. अगदी स्वच्छ वाजतं.

कुणाकडेही न शिकता सगळं दुरुस्त करणारा,
तुझा बाबा