पीठ शिजवू नका

पुणे,
९ फेब्रुवारी २०२५

ती. गोरखदादास उज्ज्वलाचा नमस्कार.

बोरीत सगळे बरे असाल, कांद्याची लागण उरकली असेल. मी बरी आहे. म्हणजे दमले आहे. तीनदा तुला फोन लावला आणि तीनदा हवापाण्याचं विचारून ठेवून दिला, म्हणून शेवटी कागद घेतला.

आधी कामाचं. परवा फोनवर आई म्हणाली, "कच्चं पीठ पोरीला बाधंल गं, म्हणून मी लापशी करून देती." दादा, तुझ्या हर्षालीचं मक्याचं पीठ, ते पांढरं कॉर्नफ्लोअर, शिजवायचं नाही. गार पाण्यात कालवून, ठरल्या वेळी, कच्चंच द्यायचं. शिजलं की लवकर पचतं आणि रक्तातली साखर लगेच संपते. आपल्याकडं कांदा निघावा आणि ठेवायला बराखच नसावी, तसं तिचं आहे. साखर साठवून ठेवणारं प्रोटीन तिच्या यकृतात जन्मापासून नाही. आईला हे सांगितलं, तर म्हणाली, "तू शिकलीस, पण लेकरं मी वाढवली." रुपालीवहिनीला हे सगळं पाठ होतं. दोन वर्षांत तिनं एक वेळ चुकवली नाही.

मग त्या दिवशी कशी चुकली, हे तू मला विचारलं नाहीस. विचारशील म्हणून मी घाबरून होते.

आमच्या लॅबमध्ये तेच प्रोटीन बनतं. माणसाचंच, पण किड्यांच्या पेशींत वाढवलेलं. ते अभ्यासापुरतं, औषध नव्हे. संक्रांतीला येताना त्याची एक छोटी बाटली मी कुणाला न विचारता घेऊन आले. मिरवायला, दुसरं काय? वहिनीनं ती हातात धरली आणि म्हणाली, "ताई, म्हंजी आमच्या हर्षूला जे न्हाई, ते हे?" मी हो म्हटलं. माणसाला देऊ नये, असं त्यावर इंग्रजीत छापलेलं होतं. ते वाचून दाखवलं नाही. किती दिवसांनी ती हसली होती! बाटली तिच्याकडेच राहू दिली.

तिनं ते दुधातून पाजलं. पोटात गेल्यावर ते अंड्यासारखं पचून जातं, उपयोग शून्य. पण तिला वाटलं, आता पिठासाठी पोरीला झोपेतून उठवायला नको. रात्रीत साखर उतरली आणि सकाळी हर्षाली उठेना. पुढचं तुला ठाऊक आहे.

नारायणगावच्या दवाखान्यात तिनं मला बाजूला घेऊन हे सांगितलं. वर म्हणाली, "कुनाला बोलू नका, तुमची नोकरी जाईल." मग तुम्हा सगळ्यांसमोर डॉक्टरांना म्हणाली, "माझाच डोळा लागला व्हता." आई तिला नाही नाही ते बोलली. मी तिथंच उभी होते. पोरीला ठेवून घेऊन तिला डिंभ्याला माहेरी धाडलं, तेव्हाही मी गप्प. लाज वाटते दादा, दुसरा शब्द नाही.

आज लॅबच्या साहेबांना सगळं लिहून दिलं. नोकरीचं व्हायचं ते होईल.

पत्र मिळताच आईला मोठ्यानं वाचून दाखव आणि डिंभ्याला जा. एसटीची वाट बघू नकोस, मोटरसायकल काढ. घराबाहेर कुणाला ठेवायचंच असेल, तर मला ठेवा.

तुझी बहीण,
उज्ज्वला