जपानला मारलेली टिचकी

१९ जुलै १९३७, सोमवार
आजपासून रोज लिहायचे. जपानने चीनवर चाल केली आहे आणि नाशकात त्याकडे गंभीरपणे पाहणारा मी एकटाच दिसतो. वाचनालयाच्या पायरीवर बसले की आतले वकील मोठ्याने पेपर वाचतात ते ऐकू येते. माझे कान तिखट. देवळ्याहून डोक्यावर मोडीच्या भांड्यांची टोपली घेऊन आलेला माझ्यासारखा माणूस भांडीबाजारात दुकान टाकतो तो या कानांच्या जिवावर. घागरीला टिचकी मारायची. अस्सल पितळ लांबपर्यंत बोलते, भेसळीचे लगेच गप्प बसते.
समोर गोरक्षने जपानी मालाचे दुकान काढले. कपबशा, इनॅमलचे टोप, रबरी बाहुल्या. बायका सगळ्या तिकडे. बरे, इनॅमलला कल्हई लागत नाही. त्यामुळे माझ्या ओट्यावर भाता लावून बसणारे निसारभाई दुपारभर माशा मारतात. आम्ही धंदा बरोबरच सुरू केला. मी विकायचे, त्यांनी कल्हई करायची.
संकल्प : जपानचे लष्करी बळ नेमके किती, ते स्वतः तपासून ठरवणे. पेपरवाल्यांवर विसंबायचे नाही.

२१ जुलै
मंडळींना पाठवून गोरक्षकडून एक कप आणवला. माती चिनी, करणारा जपानी. टिचकी मारली. टिक्. पुढे काही नाही.
देवळालीच्या लष्करी छावणीतल्या तोफा सरावाला सुटतात तेव्हा आमच्या मांडणीवरचे तांबे कितीतरी वेळ गुणगुणत राहतात. त्याला म्हणतात मिलिटरी. ज्या देशाचा कप असा बोलतो त्याची तोफ काय बोलणार?
निष्कर्ष : जपान गणपतीपर्यंत.
मंडळींनी विचारले, गणपतीपर्यंत काय. म्हटले, आटोपेल. त्या म्हणाल्या, एकटा कप कोणापुढे ठेवायचा, आणखी पाच आणा. बायकांना राजकारण सांगू नये.

३ ऑगस्ट, सायंकाळ
निसारभाईंनी बाजूला घेऊन सांगितले. देवळाली कॅम्पात मेसच्या तांब्याच्या डेगांना कल्हई करायला कायमचा माणूस हवा आहे, हाताखाली दोघे. त्यांना विचारणा आली. घरी मुलीचे, खुर्शीदाचे, लग्न ठरते आहे, आणि मुलाकडचे बापाला कायमचे काम आहे का, तेवढेच विचारतात.
मी म्हटले, थोडी कळ काढा. जपान पडला की गोरक्षचा माल बंद. सारे नाशिक पुन्हा तांब्यापितळेवर येणार आणि तेव्हा माझ्या ओट्यावर कल्हईवाला नसेल तर शोभेल का?
ते म्हणाले, "नक्की ना, शेठ?"
मी कप पुढे घेऊन टिचकी मारली. त्यांनी मान तिरकी करून ऐकले. कल्हईवाल्यालाही कान असतात. त्यांनी कॅम्पात नाही म्हणून कळवले.
माणूस पारखावा लागतो. राष्ट्राचेही तेच.

२५ ऑगस्ट
शांघायला जोरात चालू. वकिलांपैकी जाडे म्हणाले, जपानचे आरमार जगात तिसरे. मी पायरीवरून म्हटले, कोणी वाजवून पाहिले आहे का? आत पेपर मिटला. पटले असावे. थोड्या वेळाने शिपाई येऊन म्हणाला, पायरी येण्याजाण्यासाठी आहे. खरे बोलणाऱ्याला बसायला जागा मिळत नाही.
उद्यापासून समोरच्या पानाच्या गादीवर उभे राहायचे. तिथूनही ऐकू येईल.

२६ ऑगस्ट
येत नाही.

९ सप्टेंबर
गणपती बसले. जपान उभाच आहे. चीनमध्ये पावसाळा असतो, हे वकिलांनी आधी वाचायला नको का? शिवाय मी गणपतीपर्यंत म्हटले होते, कोणत्या वर्षीच्या ते म्हटले नव्हते.
निसारभाई आरतीला ओट्याखाली उभे होते. प्रसाद घेताना काही विचारतील असे वाटले म्हणून आपणच सांगितले, दिवाळी. त्यांनी मान हलवली. पेढा खिशात ठेवला, खुर्शीदासाठी.

२ ऑक्टोबर
भविष्यातल्या धोक्याचा विचार केला. जपानी विमाने इकडे आलीच, तर आधी नाशिकरोडचा नोटांचा छापखाना, मग देवळाली, मग भांडीबाजार. कारण ऊन पडले की आमच्या घागरी वरून चकाकतात. (जपान दुबळा आहे हे खरे, पण दुबळा माणूसच दगड मारतो.) उपाय : सगळ्या घागरींवर गोणपाट टाकले.

६ ऑक्टोबर
गोणपाट काढले. गिऱ्हाइकांना वाटले, दुकानात कोणी गेले.

१४ ऑक्टोबर, दसरा
भलताच दिवस.
निफाडच्या लंकाबाई मुलाच्या लग्नाची भांडी घ्यायला आल्या. घर मोठे, कारभार त्यांच्या हाती. त्यांची नजर सारखी गोरक्षकडे. मी म्हटले, थांबा, जपान म्हणजे काय ते दाखवतोच. गोरक्षकडून इनॅमलचा टोप मागवला. रस्त्यात माणसे जमली. मी चीनची परिस्थिती थोडक्यात समजावून दिली आणि टोप ओट्यावरून फरशीवर आपटला.
नखाएवढा टवका उडाला. टोप गडगडत जाऊन पुन्हा सरळ बसला.
लंकाबाई म्हणाल्या, आता तुमची घागर टाका. गर्दीतूनही तेच. नाही म्हणणे बरे दिसेना. घागर टाकली. आवाज काय सुंदर झाला, अगदी देवळासारखा. मात्र बुडाला एवढा मोठा पोचा पडला, की घागर उभी राहीना. निसारभाई धरून बसले.
लंकाबाई म्हणाल्या, "शेठ, सूनबाई घागर आपटनार हाय, वाजवनार नाय." आणि रस्ता ओलांडला.
नंतर गोरक्ष स्वतः आला. न हसता म्हणाला, टवका उडालेला टोप बदलून देतो. हसला असता तर बरे झाले असते.
अनुमान : फरशी ओली होती.

३ नोव्हेंबर, दिवाळी
जपानबद्दल आज काही लिहीत नाही. सणाचा दिवस.

१५ नोव्हेंबर, सोमवार
शांघाय पडले. गादीवरच्या पानवाल्यानेच सांगितले.
निसारभाई सकाळी भाता सोडवायला लागले. म्हटले, काय हे. म्हणाले, कॅम्पातली ती जागा भरली. इगतपुरीचा कोणी आला. आता त्याच्या हाताखाली जागा आहे, ती धरतो. मालेगावच्या त्या मुलाकडच्यांनी दोन महिने वाट पाहिली आणि दुसरीकडे ठरवले. खुर्शीदा नुसती भाकरी थापत असते, म्हणाले.
मी म्हटले, मालेगाव तिला लांबच पडले असते. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग मी म्हटले, तुम्हीसुद्धा कान लावून ऐकले होते ना? आवाज खोटा होता का?
भात्याची दोरी गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "आवाज खरा होता, शेठ. पण तो कपाचा होता."
टांग्यात सामान मी स्वतः ठेवले. निसारभाई भावनेच्या भरात आहेत. संक्रांतीपर्यंत परत येतील.

१४ डिसेंबर, मंगळवार
नानकिंगही गेले. अंदाज नव्याने मांडायला हवा. वेळ मिळत नाही.
वणीच्या अक्काबाई तांब्याचे पातेले कल्हईला घेऊन आल्या. म्हटले, बसा, मीच करून देतो, इतकी वर्षे ओट्यावर पाहतोच आहे. पातेले तापवले, नवसागर टाकला, कापसाने कथील फिरवले. एका बाजूला गोळा झाले, दुसऱ्या बाजूला काळे. बोटे पोळली ती वेगळी. म्हटले, तोवर जपानच्या आरमाराचे सांगतो.
अक्काबाई म्हणाल्या, ते कल्हईवाले बाबा कुठं गेले?
म्हटले, देवळालीला. येतील महिन्याभरात.
"कोन म्हनलं?"
म्हटले, मी.
त्यांनी पातेले पदराने धरून उचलले आणि देवळालीचा टांगा कुठून सुटतो ते विचारले.
दाखवला.