बिनवासाचं औषध

प्रिय बाळू,

सप्रेम जयभीम. 'प्रिय' लिहिलं ते सवयीनं. आज समोर असतास तर तुझा कान पिळला असता, इतका राग आलाय मला.

बक्षीस घेतानाचा तुझा फोटो आईनं भिंतीवर लावलाय. कीटकनाशक केसाहून बारीक गोळ्यांत कोंडलंस, त्या पानाला चिकटतात, औषध महिनाभर हळूहळू बाहेर येतं आणि वास अजिबात नाही, हे तिनं गावभर सांगितलंय. वास का काढलास तेही मला ठाऊक आहे. लहानपणी तू तिच्या कुशीत जायचा नाहीस, अंगाला औषधाचा वास येतो म्हणून रडायचास.

पण त्या वासावरच आपल्या दिंद्रुडच्या मजूर बाया तगून होत्या रे! विसरलास? फवारलेल्या रानाच्या बांधावर आई थांबायची, पान चुरगाळून हुंगायची. ती 'चला' म्हणाली की मगच बाकीच्या आत शिरायच्या. तिनं मान हलवली की मालकाचंही काही चालायचं नाही. तीस वर्षांत तिच्या टोळीतल्या एकीलाही साधी चक्कर आली नाही. ते नाक तू निकामी केलंस. एवढी शिकलेली माणसं तुम्ही, एकालाही बांधावरची बाई आठवू नये?

मागच्या पंधरवड्यात बागायतदार अमरसिंहांनी तुझंच औषध कापसावर मारलं आणि दुसऱ्याच दिवशी वेचणी लावली. किती दिवस रानात जायचं नाही ते डब्यावर छापलंय म्हणे, मुंगीएवढ्या अक्षरांत. अमरसिंह म्हणाले, "वास हाय का? मग चला की." आईनं पान हुंगलं आणि हसली. "माझ्या बाळूचं औषध हाय, त्याला काहून भ्यायचं?" सगळ्यांत आधी तीच आत शिरली. हाताला वास नाही म्हणून नुसतं पाणी लावून भाकरी खाल्ली. संध्याकाळी तिला आणि टोळीतल्या छबुबाईला उलट्या सुरू झाल्या. तोंडातून लाळ, डोळ्यांपुढं सगळं धूसर. चार दिवस माजलगावच्या दवाखान्यात काढले. त्याच आठवड्यात तू फोनवर विचारलंस, आवाज का बसलाय? ती म्हणाली, सर्दी झालीय.

आता काल अमरसिंहांनी ओढ्याकाठच्या रानावरही तेच औषध मारलंय. सोमवारी वेचणी. आई जाणार, आणि तिच्यामागं अकरा जणी. मी अडवलं तर म्हणते, "बाळूपेक्षा तुला लई कळतंय का?" तुझं नाव खराब होईल म्हणून तुला काही न कळवण्याची शपथ घातलीय तिनं मला. ती मी मोडतेय; फोनवर बोलले तर ती ऐकेल, म्हणून लिहून पाठवतेय. सोमवारच्या आत ये. बांधावर उभा राहा आणि तुझ्या तोंडानं सांग, नाकाचं ऐकू नका, दिवस मोजा. मग परत जा आणि त्या औषधात वास घाल, चांगला घाणेरडा. घरच्या गॅसला मुद्दाम घालतात, हे तूच मला सांगितलं होतंस. आणि एक. तू आलास की आई रानातून धावत येईल, तुला जवळ घ्यायला. या वेळी तिच्या अंगाला काही वास येणार नाही. तरी लांब राहा. आधी तिला आंघोळ करू दे.

तुझीच,
आम्रपालीताई