यांच्या झोपेचे मार्क

११ एप्रिल २०१६, चाकूर
आज पूजेत यांच्या तळहातावरून इष्टलिंग घसरलं! मी पुढे होऊन झेललं म्हणून बरं. इतकी वर्षं लिंग हातावर घेऊन डोळे मिटून बसायचे. गल्लीतली माणसं म्हणायची — "गुरुबसप्पा पूजेत लई तल्लीन हायत!" मलाही केवढा अभिमान. आणि हे चक्क घोरत होते!

१२ एप्रिल
दुकानात उदगीर वेगळा जिल्हा व्हावा का, यावरून गिऱ्हाइकांचं भांडण, आणि हे तागडीला हात लावून झोपलेले.

दुपारी महानंदाचा विषय काढला. "पोरीनं आपल्या मनानं लग्न केलं, झालं की! दोन वर्सं झाली. नांदेडला जाऊन लेकीला बघून येऊ." तोवर हनुवटी छातीवर! तिचं नाव काढलं की नेहमी असंच. बोलू तरी कुणाशी?

१६ एप्रिल
लातूरला डॉक्टरांकडे. शहरात पाण्याची रेल्वे आली, तरी दवाखान्याचा नळ कोरडाच. "रात्री श्वास अडकत असेल, म्हणून दिवसा डुलक्या." आठ प्रश्नांचा कागद दिला — वाचताना, टीव्ही बघताना, गाडीत बसल्यावर झोप लागते का? शून्य ते तीन मार्क. यांनी सगळीकडे शून्य! "मला कुठं झोप येतीया?" म्हणे. मी कागद ओढला. 'कुणाशी बसून बोलताना' — तीन! लिहिताना रडूच आलं. बेरीज एकवीस. दहाच्या वर गेली की तपासावंच लागतं म्हणे.

२० एप्रिल
तपासणी झाली. झोपेत तासाला चाळीसदा श्वास अडकतो! नाकावर मास्क लावून नळीनं हवा सोडणारं मशीन मिळालं. रात्री मीच बांधलं. हत्तीसारखे दिसतात. दोघंही हसलो, कितीतरी दिवसांनी.

बरे होऊ देत. मग बोलेन.

९ मे
घोरणं बंद. पूजेत टक्क जागे!

२५ मे
पुन्हा लातूर, पुन्हा तोच कागद. बेरीज चार. 'बोलताना' पुढचा शून्य मीच लिहिला. डॉक्टर खूश.

लेकीची फार आठवण येते. आता कशी दिसत असेल? उद्या बोलतेच.

२६ मे
दुपारी चहा दिला. म्हटलं, "आवो, महानंदाला बघाया जाऊ."

यांनी कप खाली ठेवला. डोळे मिटले. मान खाली. घोरणं नाही. पापण्या मात्र थरथरत होत्या.

"जागे हाव ना?"

यांनी डोळे आणखी घट्ट मिटून घेतले.

उद्या सकाळच्या नांदेड गाडीनं मी एकटीच जातेय.