रेवाचा होकार

सनाबिस, बहरीन

प्रिय स्वरूपदादा,

ब्रसेल्सच्या शाळेत रेवा चार भाषा शिकते, हे तू कौतुकाने सांगायचास तेव्हा मलाही अभिमान वाटायचा. सुट्टीत ती माझ्याकडे आली, म्हणून मी आईलाही कुडाळहून व्हिजिट व्हिसावर बोलावलं. आजी-नात एका सोफ्यावर बसायच्या आणि मी ऑफिसातून येईपर्यंत नुसत्या एकमेकींकडे बघून हसायच्या.

निघताना एअरपोर्टवर आईने तिला विचारलं, "मे म्हयन्यात गावाक येतलंस मा?"

रेवा म्हणाली, "हो." तिला येणारा तो एकच मराठी शब्द. मेमध्ये तिची शाळा असते, हे मी तिथेच सांगायला हवं होतं. पण आईचा चेहरा इतका फुलला होता की माझ्याने बोलवेना.

आईने घरी जाऊन माडीवरची खोली रंगवून घेतली. मे उलटला. काल न राहवून मी फोनवर तिला खरं सांगितलं.

"तेका कळूक नाय, ता माका तेव्हाच कळला," आई म्हणाली. "पण 'हो' म्हणाला मा चेडू! दादाक सांगा नको, तेका वायट वाटात."

म्हणून हे तुला पाठवत नाही.

तुझी धाकटी,
भक्ती